तुळजीचं पान

ईटच्या स्टँडवर कमलबाई एसटीतून उतरली ती पिशवी पोटाशी धरूनच. शेजारच्या तालुक्यातल्या वाशीहून ईटला यायचं म्हणजे काही काशीला जायचं नाही, पण त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना एसटीची पायरी हीच काशी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवी द्या इकडं, मी धरतो." कमलबाई म्हणाली, "पिशवी ऱ्हाऊ दे बाबा, मला धर."

पिशवीत एक लुगडं होतं, गुडघ्याला चोळायचं तेल होतं, भाच्यासाठी केलेले धपाटे होते. आणि सगळ्यात खाली, टावेलात गुंडाळून, चोरीचा माल दडवावा तशी मक्याची चार कणसं होती.

दडवायचं कारण असं, की तिच्या माहेरी मका येत नाही. भाऊ आण्णासाहेब, गावात सगळे आण्णा म्हणतात. ईटला कुणाच्याही रानात जा, मका दिसेल. जनावरांना मुरघास, पोरांना भाजून, कोंबड्यांना दाणे. आण्णांच्या बावीस एकरात तूर आहे, उडीद आहे, सोयाबीन आहे, मक्याचं एक ताट नाही. बाजारातनंसुद्धा कणीस घरात येत नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, "ते आपलं पीक न्हाय." मागं शिवलिंगप्पा वाणी म्हणाला होता, "मग सोयाबीन काय तुमच्या आज्यानं पेरलं व्हतं?" तर आण्णा वर्षभर त्याच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. साखर भूमहून आणली.

शिवाय त्या घरात म्हाळाचा एक जुना नेम आहे. पितरांनी जे चाखलं नाही, ते पितरांच्या पानात वाढायचं नाही. त्यामुळं त्या दिवशी लाल मिरची नाही, बटाटा नाही, टमाटा नाही, दाण्याचं कूट नाही. आमटीला मिरे नि आलं. बाकी वर्षभर हेच घर ठेच्यावाचून घास गिळत नाही, पण त्या एका दिवशी सगळे पितरांसारखेच मुकाट जेवून उठतात.

गावाला वाटायचं, मकाही त्याच नेमात गेला असेल. तसं नव्हतं, हे दोघांनाच ठाऊक होतं. एक कमलबाई, एक आण्णा. आणि त्या दोघांनी ते आपसात कधी बोलून बघितलं नव्हतं.

त्यांना एक धाकटी बहीण होती. तुळजी. आण्णा दहाचा, कमल सातची आणि तुळजी पाचची, अशी तिघं एका गोधडीत निजायची. सासष्ट वर्षांमागं चैत्रात गावात देवी आल्या. अंगभर मोत्यासारखे फोड उठतात, त्या देवी. तेव्हा त्याला कुणी रोग म्हणायचं नाही; घरात पाव्हणी आली म्हणायचं. दाराला लिंबाचे डहाळे बांधले, चुलीवर फोडणी बंद झाली, तुळजीला दहीभाताचा निवद दाखवला, आणि आठव्या दिवशी पाव्हणी तुळजीला घेऊन निघून गेली. देवीनं नेलेल्या लेकराला जाळत नाहीत. ओढ्याच्या काठी पुरलं. त्याच्यासाठी रडायचंही नाही, देवी कोपते. दहावा नाही, तेरावा नाही, आणि पाच वर्षांच्या पोरीचं म्हाळात पान कोण वाढतं? आई त्यानंतर बत्तीस वर्षं जगली आणि तुळजीसाठी एकदाही मोठ्यानं न रडता गेली.

फोटो नव्हताच. आण्णांचा मुलगा रणधीर चाळिशी ओलांडून गेला, त्याला आपल्याला आणखी एक आत्या होती हे माहीत नाही.

यंदा पोळ्याच्या दिवशी वाशीच्या घरी कमलबाई कणीस सोलत बसली होती. बसल्या बसल्या मनात आलं, तुळजीचा दात पडला होता तो वरचा की खालचा? आठवेना. तिनं कणीस खाली ठेवलं. डोळे मिटून बघितलं, उघडे ठेवून बघितलं. विचारायचं कुणाला? वाशीत तुळजीला कोण ओळखतं? ईटला तरी कोण ओळखतं? एक आण्णा, आणि आण्णा बोलत नाहीत.

त्याच दिवशी तिनं ठरवलं. वडलांच्या तिथीला माहेरी आपण जातोच. यंदा त्या पंगतीत तुळजीचं पान मांडायला लावायचं. सासरी मांडून चालत नाही, माहेरचं माणूस सासरच्या पानावर येत नाही. मांडायचं तर भावानंच. आणि पानात कणीस, कारण ती पोरगी कणसापुढं पुरणपोळी ओळखायची नाही.

तिथीच्या आदल्या दिवशी दुपारी ती माहेरच्या स्वैपाकघरात गवार निवडत बसली. समोर भाचेसून अर्पिता. ती भूमच्या शाळेत शिकवते. सुट्टी काढून म्हाळाच्या तयारीला लागली होती.

"आत्या, एक विचारू? हा मिरची-बटाट्याचा नेम कुणी घातला?"

"जुन्या माणसांनी."

"हुशार होती जुनी माणसं. सध्या मी वर्गात हेच शिकवतेय. पाचशे वर्षांपूर्वी गोरे लोक जहाजं घेऊन समुद्रापलीकडं गेले. तिकडनं या वस्तू आल्या. मिरची तिकडची, बटाटा, टमाटा तिकडचा. भुईमूग, रताळं, पेरू, तंबाखू, मका, सगळं तिकडचं. आपल्या खापरपणज्यांच्या पणज्यांनी खरंच यातलं काही चाखलं नव्हतं. कुणीतरी ते ध्यानात ठेवलंय बघा."

"भुईमूग बी?"

"भुईमूग बी. आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही."

कमलबाईचा हात थांबला. "मंजी शेंगदाणे, साबुदाणा, रताळं, बटाटा, हिरवी मिरची. अगं, मी साठ वर्षं एकादशी धरली ती समदी फिरंग्याच्या ताटात?"

अर्पिता हसायला लागली. "सीताफळसुद्धा तिकडचंच म्हणतात."

"काय बी बोलू नको. मग सीतामाईनं काय खाल्लं?"

"बोरं खाल्ली असतील."

"ती रामानं खाल्ली." कमलबाईनं तो विषय तिथंच संपवला.

"आणि आत्या, तुमचं लाल डांगर. उद्या भाजी करायचीय ना? तेही तिकडचं."

कमलबाईनं दाराकडं बघितलं. ओसरीवर आण्णांच्या खाकरण्याचा आवाज येत होता. "हळू बोल," ती म्हणाली. "त्याला कळलं तर डांगर बी जाईल. मग पितरांना नुसती गवार."

अर्पिता मिरे कुटायला बसली. कुटता कुटता म्हणाली, "आणि इकडनं काय गेलं माहितीय का? गहू गेला, घोडे गेले, गुरं गेली. आणि देवी गेली."

"कोण गेली?"

"देवी."

"काय तरी सांगती. आमची देवी आत्ता तुळजापुरात पलंगावर निजलीय. नवरात्र बसल्यावर उठंल. ती कशाला जहाजात बसती?"

"ती देवी नव्हे आत्या. अंगावर येते ती. फोडांची."

कमलबाईनं हातातली शेंग न मोडता खाली ठेवली. अर्पिताला वाटलं, धडा ऐकतायत. ती सांगत गेली. तिकडच्या माणसांनी तो आजार कधी बघितलाच नव्हता. इकडं निदान चार जण उठून तरी बसायचे. तिकडं घरंच्या घरं आडवी झाली, पाणी द्यायला माणूस उरला नाही. कितीतरी मुलखांत दहातले नऊ गेले म्हणतात. रानात मका उभा आणि तोडायला कुणी नाही. मग त्या ओस जमिनीत राबायला तिसऱ्याच मुलखातली माणसं साखळदंडानं बांधून आणली. आणि पीक मात्र जगभर गेलं. ज्यांनी पहिल्यांदा पेरलं ते गेले, आणि त्यांचं कणीस कुठल्या कुठं, आपल्या बालाघाटाच्या माळावर येऊन रुजलं.

"लेकरं बी गेली?"

"लेकरंच आधी गेली असतील."

"आन् त्यांचं पान कोण वाढतं?"

 पुस्तकात तेवढं दिलेलं नव्हतं.

कमलबाईला त्या लांबच्या रानातला वारा ऐकू आल्यासारखं झालं. वाळत चाललेल्या मक्याच्या पात्यांचा. तसला आवाज तिनं एकदा फार जवळून ऐकला होता.

तो दिवस दिवाळीच्या अलीकडचा. घरात बांबूची मोठी कणगी होती, ती नुकती कणसांनी भरलेली. तेव्हा हे घर मका पेरत होतं. आणि गल्लीतनं हाळी आली, "देवी काढायला आलेत! देवी काढायला आलेत!" लस टोचण्याला तेव्हा देवी काढणं म्हणायचे. भूमहून सायकलवर पाशामियाँ यायचे. भला माणूस. पितळेचं यंत्र दंडावर टेकवून गरकन फिरवायचे, आणि पोरगं भोकाड पसरायच्या आत त्याच्या तोंडात गूळ.

हाळी ऐकली मात्र, आण्णा उठला, तुळजीचं मनगट धरलं, तिला उचलून कणगीत घातलं आणि वरनं पोतं टाकलं. कमलनं बघितलं. पाशामियाँनी मग आण्णाला अंगणात गाठलं, कमलला चुलीमागं. वहीत बघून म्हणाले, "दो हुए. तिसरी किदर है, बेटा?"

कमलनं खाली मान घातली. कणगीत पाचोळा वाजला. पाशामियाँना वाटलं, उंदीर असेल. ते गेले.

मग तुळजी बाहेर आली ती वरच्या ओठाला कणसाचे केस चिकटवून. "म्या पाटील हाय," म्हणाली, आणि कच्चे दाणे खात अंगणभर मिशीला पीळ देत फिरली. पाच महिन्यांनी चैत्र आला.

पुढच्या साली पाशामियाँ परत आले. वही उघडून म्हणाले, "तिसरी?" आईनं ओढ्याकडं हात केला. ते सायकल भिंतीला लावून ओढ्यापर्यंत चालत गेले, थोडा वेळ थांबले, परत येऊन पाणी प्यायले आणि गेले. त्या साली वडलांनी पेरलेला मका कापणीला आला, तर अकरा वर्षांचा आण्णा रानात पाय ठेवीना. मारलं तरी ठेवीना. पुढं शेत त्याच्या हाती आलं, मका बंद झाला.

आण्णानं हे का केलं, हे कमलबाईनं कधी विचारलं नाही. खोडी केली असेल असं ती धरून चालली होती. तिला विचारायचा हक्कही वाटत नव्हता. तिसरी किदर है, हे तर तिला विचारलं होतं.

तिनं पिशवी ओढली, टावेल सोडला आणि कणसं अर्पितासमोर ठेवली. काय पाहिजे ते चार वाक्यांत सांगितलं. अर्पितानं एक कणीस उचललं आणि परत टावेलावर ठेवलं.

"आण्णा चिडतील, आत्या."

"चिडू दे. माझा भाऊ हाय, नवरा न्हाय."

दुसऱ्या दिवशी दहापर्यंत सगळा स्वैपाक झाला. वडे, खीर, कढी, गवार, आणि कुणाला काही न सांगता डांगर. रणधीरनं ओळीनं पानं मांडली. आण्णांच्या आजोबांचं, वडलांचं, आईचं, आणि तीन वर्षांमागं गेलेल्या त्यांच्या बायकोचं. आण्णा धूत धोतर नेसून ओसरीवर उभे. कमलबाई आतनं आली, पदराखालचं ताट काढलं. भाजलेली दोन कणसं.

"आण्णा, आणखी एक पान मांडा."

आण्णांनी कणसं बघितली. चेहऱ्यावर काही हललं नाही. "कमल, हे आत ने. पितरांनी जे चाखलं न्हाय ते पानात न्हाय. तुला ठाव हाय."

"ठाव हाय. म्हणूनच आणलं. तुळजीनं चाखलं व्हतं."

सासष्ट वर्षांत त्या ओसरीवर ते नाव पहिल्यांदा उमटलं. रणधीर म्हणाला, "तुळजी कोण?"  आण्णा खाली उतरले, चपला न घालता मागच्या गोठ्याकडं चालायला लागले. बहात्तर भानगडी सोडवणारा माणूस, पंचायतीत कुणाला बोलू न देणारा, भिंतीला हात लावत चालला होता. कमलबाई मागं निघाली. गुडघे नको म्हणत होते, तिनं त्यांचं ऐकलं नाही.

आण्णा गव्हाणीला टेकून उभे होते. म्हैस त्यांच्याकडं बघत होती.

"तुला वाटतं म्या खोडी केली," ते म्हणाले. तिच्याकडं न बघता.

"व्हय."

"मला खरंच वाटलं गं, देवी काढून न्यायला आलाय."

कमलबाईला समजलं नाही.

"आज्जी तुळजीला काय म्हणायची? घटस्थापनेला जलमली म्हणून. 'आमची देवी उठली का, आमची देवी जेवली का.' आन् गल्लीत वरडायला लागले, देवी काढायला आलेत. सरकारी माणूस, हातात पेटी, वहीत नावं. म्या म्हणलं, हा घेऊन जाणार तिला. देवघरातला देवीचा टाक मोठ्यांनी सांभाळावा. तुळजी माझी." ते थांबले. "दहा वर्षांचा घोडा. येवढं कळू ने?"

म्हशीनं शेपूट आपटलं. कमलबाईला काहीतरी बोलायचं होतं, आणि तोंडातनं निघालं ते वेगळंच. "तिसरी किदर है म्हणून मला विचारलं व्हतं. म्या खाली बघितलं."

"तू सात वर्षांची व्हतीस."

"आन् तू कितीचा व्हतास? आत्ताच म्हणलास ना. दहाचा."

लहानपणापासून ती भावाला चारचौघांत अहो-जाहोच करत आली होती. आज तू निघालं, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

"पाचोळा वाजला की मला वाटतं, आत हाय," आण्णा म्हणाले. "कुणाच्या बी रानात. आजून."

"मग तर वाढ की. आत बसून बसून भुकेजली आसंल."

आण्णांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. कमलबाई म्हशीची शिंगं मोजल्यासारखी दुसरीकडं बघत उभी राहिली. शिंगं दोनच होती. मग तिनं हळूच विचारलं, "आण्णा, तिचा दात कोणता पडला व्हता? वरचा का खालचा?"

"खालचा. डावीकडचा. म्याच पाडला, दोरा बांधून." आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा ओठ जरा हलला. "दातासंगं दोरा बी गिळला तिनं."

परत ओसरीवर आल्यावर आण्णांनी नेहमीच्या आवाजात हुकूम सोडला. "रणधीर, आणखी एक पान मांड. तुझ्या आज्जीच्या शेजारी."

"कुणाचं, आण्णा?"

"तुझ्या धाकट्या आत्याचं. तुळजीचं. आमटी वाढू नका, मिऱ्याची बी तिखट लागते तिला. खीर वाढा. आन् ते ताट हिकडं आणा."

कणसाचे दाणे त्यांनी स्वतः काढले. अंगठ्यानं, एकेक ओळ. सासष्ट वर्षांत हात लावला नव्हता, पण अंगठा विसरला नव्हता. अर्पितानं मीठ पुढं केलं, रणधीर पाणी घेऊन उभा राहिला. कमलबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिच्या तोंडाला पदर होता. देवी कोपण्याचे दिवस गेले असतील, पण सवय कुठं जाते?

घास गच्चीवर ठेवले. कावळे टपलेलेच होते. आजोबांच्या पानावर लगेच आले, वडलांच्या, आईच्या. वहिनीच्या घासावर तर दोघांची भांडणं लागली, वहिनीला ते आवडलं असतं. तुळजीचा घास तसाच. पाव तास झाला, अर्धा तास झाला. खाली पाव्हणे खोळंबले, कढी निवत चालली. रणधीर जिन्यातनं डोकं वर काढून म्हणाला, "आण्णा, कावळा शिवंना झालाय. दर्भाचा कावळा करायचा का?"

"काय करू नका. तुमी पंगत बसवा. ती एका हाकेत कधी जेवायला आली व्हती?"

खाली ताटं वाजायला लागली. गच्चीवर दोघंच राहिली. ऊन चढलं होतं, कठड्याची सावली हातभर उरली होती, तिच्यात दोघं अंग चोरून बसली. समोर पानावर पिवळे दाणे. लांब कुणाच्या तरी रानात मका उभा होता आणि त्याच्यावरनं वारा येत होता.

आण्णा उठले, कठड्याशी गेले. घसा खाकरला. "तुळजे," म्हणाले. देवासमोर म्हणावं तसं, जेमतेम ऐकू येईल असं.

"जरा मोठ्यानं," कमलबाई म्हणाली. "खेळायला लागली की तिला ऐकू येत न्हाय."

आण्णांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि दुसरी हाक मारली. खालच्या गल्लीतनं चाललेल्या दोन बाया डोक्यावरचे हंडे सावरत थांबल्या, आणि ह्या घरात जेवायला कोण यायचं राहिलंय म्हणून मागं वळून रस्त्याकडं बघायला लागल्या.